जुन्या मोटारीतील पेट्रोलची गळती : शोध आणि दुरुस्ती

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. त्यांपैकी जुना जालना ही जुनी वस्ती. अशा दाट वस्तीत मोटार बहुधा घराच्या भिंतीला खेटूनच उभी करावी लागते. ती जुनी असेल व सकाळी तिच्याजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर तो प्रश्न एकट्या मालकाचा राहत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, खोलगट जागी साचते आणि काही अंतरावरील पेटत्या शेगडीपर्यंतही पोचू शकते. मे महिन्यात मराठवाड्यातील पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा हा धोका अधिकच वाढतो.

इंजिनाचे तेल गळाले तर डाग राहतो; पेट्रोल मात्र उडून जाते. जमीन कोरडी दिसते म्हणून गळती नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. नळीच्या सांध्यावर धुळीतून उमटलेली धुतल्यासारखी रेघ किंवा पिवळसर तपकिरी थर ही गळतीची खूण होय. शोध घेताना मोटार मोकळ्या हवेत ढकलत आणावी, इंजिन थंड होऊ द्यावे आणि उजेडासाठी केवळ विजेरी वापरावी. काडी ओढून पाहणारे महाभाग अजूनही आढळतात!

अँबेसिडर, प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीची मारुती ८०० या कार्ब्युरेटरच्या मोटारींत पेट्रोलचा मार्ग सोपा आहे : मागील टाकी, लांब नळी, पंप, पुन्हा नळी आणि कार्ब्युरेटर. गळती केव्हा होते, यावरून तिचे ठिकाण बरेचसे कळते. मोटार नुसती उभी असताना थेंब पडत असतील, तर टाकी व तिचे सांधे आधी पाहावेत. इंजिन सुरू असतानाच गळत असेल, तर पंपापासून पुढचा दाबाखालील भाग तपासावा. टाकी ते पंप या नळीला बारीक चीर असेल, तर कधी थेंबही पडत नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो व इंजिन चढावर दम तोडते. कार्ब्युरेटर ओसंडत असल्यास त्यातील सुईझडपेखाली कचरा अडकला आहे किंवा तरंगीला छिद्र पडले आहे, असे समजावे.

यांत्रिक पंपाचा पडदा फाटल्यास पेट्रोल बाहेर न पडता इंजिनाच्या तेलातही उतरू शकते. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी वाढलेली दिसते व पेट्रोलचा वास येतो. अशा स्थितीत इंजिन चालवू नये. पातळ झालेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. पडदा बदलून तेलही नवे घालावे.

सर्वाधिक दोष रबरी नळ्यांत आढळतो. वाकवताच भेगा दिसणारी नळी पूर्ण बदलावी, तीही पेट्रोलसाठी बनवलेली. पाण्याची नळी चालत नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने पंपांवर आले. जुन्या मोटारींतील रबर व गॅस्केट त्यासाठी बनवलेली नव्हती. ती फुगतात, मऊ पडतात. म्हणून एक नळी बदलताना उरलेल्या नळ्याही बदलणे शहाणपणाचे.

टाकीची भेग साबणाने बुजवण्याचा जुना उपाय सर्वांना ठाऊक आहे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे खरे. पण तो गॅरेजपर्यंत पोचण्यापुरताच. पेट्रोलची टाकी थेट वेल्डिंगला देणे जिवावर बेतू शकते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, कारण तिच्यात हवा आणि वाफ यांचे मिश्रण असते. वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले की ठिणगीने स्फोट होतो. टाकी काढून, वारंवार धुऊन, वाफ उरली नसल्याची खात्री झाल्यावरच जाणकार कारागीर तिला हात लावतात. तळ गंजला असेल, तर टाकी बदलणेच योग्य.

दुरुस्तीच्या वेळी कोरड्या पावडरीचे अग्निशामक व वाळूची बादली जवळ असावी. पेट्रोल पाण्यावर तरंगते, म्हणून पाणी ओतल्यास आग पसरते. काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवून प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा. तीच तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी पुन्हा करावी.