मोठेपणी टॉन्सिल काढल्यानंतरचे पंधरा दिवस

टॉन्सिल काढणे हे लहान मुलांचे प्रकरण, मुलाला आइस्क्रीम खाऊ घातले की आठवड्याभरात ते अंगणात खेळू लागते, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मुलांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. परंतु पंचविशी-तिशी उलटलेल्या माणसावर हीच शस्त्रक्रिया झाली म्हणजे पुढचे पंधरा दिवस फार निराळे जातात. त्याची कल्पना आधी नसल्यामुळे रोगी व घरची मंडळी नको तेथे घाबरतात आणि जेथे खरोखर धावपळ करावयास हवी तेथे ‘सकाळी पाहू’ म्हणून स्वस्थ बसतात. धार-देवासकडील पुष्कळ कुटुंबे या शस्त्रक्रियेसाठी इंदूरला जातात व दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी परततात; म्हणून ही माहिती घरात असणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रिया करावीच का, हा प्रश्न आधीचा. वर्षात सात वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षे दरसाल पाच वेळा, किंवा तीन वर्षे दरसाल तीन वेळा घसा जोराने सुजून कामधंदा बंद पडत असेल तर ती करावी, असा ठोकताळा डॉक्टर मंडळी बाळगतात. टॉन्सिलशेजारी पुन्हा पुन्हा गळू होणे, झोपेत श्वास अडकणे, किंवा एकाच बाजूचा टॉन्सिल वाढत जाणे ही आणखी कारणे. ब्रिटनमध्ये ४५३ प्रौढ रोग्यांची दोन वर्षे पाहणी करून २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्यांना त्या दोन वर्षांत साधारण २३ दिवस घसादुखी झाली, न झालेल्यांना ३० दिवस. आणि पहिल्या आकड्यात शस्त्रक्रियेनंतरचे दुखणेही धरलेले आहे. म्हणजे लाभ आहे, पण तो सोसून मिळवावयाचा आहे. ज्याचा घसा वर्षातून एकदोनदाच धरतो त्याने या वाटेस न जाणेच बरे.

टॉन्सिल काढल्यावर घशाच्या दोन्ही बाजूंस जी जखम राहते तिला सहसा टाके घालीत नाहीत. ती उघडीच असते व तळापासून भरून येते. एकदोन दिवसांत तिच्यावर पांढुरका, पिवळट असा साका धरतो. आरशात तो पाहून ‘घशात पू झाला’ असे वाटते, तोंडाला घाणही येते. पण तो पू नव्हे. हाताला खरचटल्यावर खपली धरते तशीच ही ओल्या जागेतील खपली होय. ती खरवडू नये, बोटाने किंवा ब्रशाने पुसू नये. साधारणपणे पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ती आपोआप सुटते.

दुखण्याचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिले दोन दिवस बरे जातात, मग तिसऱ्या दिवसापासून सातव्या-आठव्यापर्यंत वेदना उलट वाढते. आता उतार पडेल असे वाटत असता कळ चढू लागली की शस्त्रक्रिया बिघडली अशी शंका येते. तसे नसते, मोठ्यांचा हाच क्रम आहे. कान ठणकू लागतात, तेही कानात काही झाले म्हणून नव्हे. घशाच्या त्या भागाची व मधल्या कानाची संवेदना एकाच मज्जातंतूतून जाते, त्यामुळे दुखते घशात आणि भासते कानात.

वेदनाशामक गोळी ‘अगदीच असह्य झाले तर घेऊ’ असा बाणा येथे उपयोगी नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळा घड्याळ लावून पाळाव्या, रात्रीचीही चुकवू नये, आणि जेवणाच्या अर्ध्या तासापूर्वी एक मात्रा येईल असे पाहावे. अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने घेऊ नये, त्याने रक्त गोठण्यास अडथळा येतो. डोकेदुखीसाठी पाण्यात विरघळवून घ्यावयाच्या गोळ्या घरोघरी असतात, त्यांतही ते असू शकते. तसेच सर्दीच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. वर आणखी घेतल्यास यकृतास अपाय होईल इतके प्रमाण नकळत होते.

आता खाण्याचे. थंड खाल्ले की घसा बसतो, हे आपल्या आजीपासून चालत आलेले. पण या प्रसंगी थंडच पथ्यकर आहे. बर्फाचा तुकडा, कुल्फी, गार दूध, इंदुरी दाट शिकंजी (लिंबाची नव्हे, ती झोंबते), गार केलेली साबुदाण्याची खीर, मऊ वरणभात, पातळ खिचडी, शिरा, पेज हे चालते. शेव, चिवडा, पापड, कडक बाफले, तळलेले गराडू आणि तिखट-आंबट ही आपल्या माळव्याची जिव्हाळ्याची मंडळी पंधरा दिवस दूर ठेवावी. विलायतेत काही डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून टोस्ट चावावयास लावतात, आपल्याकडे मऊ खाण्याचाच आग्रह असतो. या वादात आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. काय गिळले यापेक्षा गिळत राहिले की नाही, हे महत्त्वाचे. न गिळता पडून राहिल्यास घसा कोरडा पडतो व दुखणे दुप्पट होते. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. माळव्याच्या उन्हाळ्यात याकडे विशेष लक्ष हवे. विडी, सिगारेट, तंबाखू व सुपारी अर्थातच बंद.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट रक्तस्रावाची. शस्त्रक्रियेच्या दिवशी रक्त आले तर रोगी बहुधा रुग्णालयातच असतो. परंतु खपली सुटण्याच्या सुमारास, म्हणजे घरी सर्व काही ठीक चालले असता, दुसरा धोका असतो. इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे ३४,००० रोग्यांची नोंद ठेवण्यात आली. रुग्णालयातील मुक्काम लांबावा किंवा पुन्हा दाखल व्हावे लागावे इतका रक्तस्राव पाच वर्षांखालील मुलांत शंभरांत दोघांना, तर मोठ्यांत शंभरांत पाचांना झाला.

थुंकीत एखादी तांबूस रेघ दिसणे निराळे. ताजे लाल रक्त आले, गुळणी करूनही येतच राहिले, किंवा झोपलेला माणूस वारंवार काही गिळतो आहे असे दिसले, तर वेळ न दवडता निघावे. रोग्यास बसवावे, किंचित पुढे वाकवावे, रक्त गिळू न देता थुंकावयास सांगावे. बर्फाच्या पाण्याने हलकी गुळणी चालेल, पण खावयास काही देऊ नये. पुन्हा भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. वाटेत रक्त थांबले तरी गाडी परत फिरवू नये, कारण थोडा रक्तस्राव हा पुष्कळदा मोठ्याची पूर्वसूचना असतो.

येथेच अंतराचा प्रश्न येतो. देवासहून इंदूर ४० किलोमीटरच्या आत आहे. धारहून घाटाबिल्लोद, बेटमा करीत ६०च्या वर. कुक्षी, मनावर, कन्नोद, खातेगाव येथील मंडळींना तर कितीतरी दूर. रोग्याने दहा दिवस इंदुरातच मामा-मावशीकडे राहणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर आपल्या जिल्हा रुग्णालयात रात्री कान-नाक-घशाचे डॉक्टर मिळतात का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे, गाडीची सोय बोलून ठेवावी व १०८ क्रमांक घरातील प्रत्येकास सांगावा. दहा दिवसांच्या आत लग्नाला अथवा यात्रेला निघू नये, जड उचलू नये.

आवाजाबद्दल गाणाऱ्यांना काळजी असते. काही आठवडे तो जाड किंवा नाकातून आल्यासारखा वाटतो, मग बहुधा पूर्ववत होतो. तोवर रियाज डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. देवासकरांना धीराचे उदाहरण बाहेर शोधावयास नको. १९४८ साली तेथे राहावयास आलेले कुमार गंधर्व क्षयामुळे काही वर्षे गाऊ शकले नव्हते. त्यांचा विकार फुप्फुसाचा, येथे तर प्रश्न काही आठवड्यांचाच.

कचेरी, शाळा किंवा दुकान साधारण दोन आठवड्यांनी सुरू करता येते. त्या सुमारास डॉक्टरांना पुन्हा दाखवावयास जाल तेव्हा, एका बाजूचा टॉन्सिल मोठा होता म्हणून तो तपासणीस पाठविला असेल, तर त्याचा अहवाल मागून घ्यावा व वाचून समजावून घ्यावा. बरे वाटू लागल्यावर तो कागद आणावयाचे पुष्कळांच्या ध्यानातून जाते.