गावाची सनावळी आणि आजीचं वय

ज्येष्ठांसोबत संशोधन : भाग सातवा

संमतीपत्रावरच्या अंगठ्याबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढे ढकलतो, कारण जिंतूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. ते लिहितात, “आमच्या आजीचं आधार कार्डावरचं वय ८१. ती म्हणते, नव्वदी कधीच ओलांडली. माझ्या वडिलांचं वय धरून हिशेब केला तर दोन्ही जुळत नाहीत. वृद्धांना संशोधनात भागीदार करा, असं तुम्ही लिहिता. आधी त्यांचं वय तरी तुम्हाला कळतं का?”

प्रश्न मुळालाच हात घालणारा आहे. वृद्धांच्या आरोग्याचा कोणताही अभ्यास घ्या, पहिल्या पानावर वयाचा रकाना असतो आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. मुठीची ताकद मोजा, चालण्याचा वेग मोजा, दहा शब्द ऐकवून त्यातले किती आठवतात ते बघा. आलेल्या आकड्याचा अर्थ वयाशी ताडल्याशिवाय लागत नाही. सत्तरीतल्या बाईला दोनच शब्द आठवले तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडेल. नव्वदीतल्या बाईच्या बाबतीत ते वेगळा विचार करतील. वयात दहा वर्षांची गफलत झाली की धडधाकट माणूस आजारी ठरतो, नाहीतर खरा आजारी माणूस ‘वयोमानाने असं व्हायचंच’ म्हणून सोडून दिला जातो. नुकसान या दुसऱ्याचं जास्त होतं.

कागद आपल्याकडे भरपूर आहेत, पण प्रत्येक कागदावरचं वय वेगळ्या कामासाठी लिहिलेलं आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने एक जून टाकला, म्हणून गावोगाव निम्म्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. ज्या बायकांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही, त्यांच्या वाट्याला तो एक जूनही आला नाही. पुढे श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट पूर्ण लागले. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, आणि २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत. पोटासाठी आणि प्रवासासाठी वय थोडं पुढे सरकलं, तर त्यात नवल काय? शिवाय तोंडी सांगितलेलं वय नेहमी शून्यावर किंवा पाचावर येऊन टेकतं. जनगणनेच्या तक्त्यात साठ, पासष्ट, सत्तर या वयांवर माणसांचे ढीग दिसतात आणि शेजारची एकसष्ट, एकोणसत्तर ही वयं ओस पडलेली असतात.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. इक्वेडोरमधलं विलकाबांबा हे खेडं १९७०च्या दशकात शतायुषी माणसांचं गाव म्हणून जगभर गाजलं. मोठमोठे डॉक्टर तिथे दीर्घायुष्याचं रहस्य शोधायला गेले. मग १९७९ साली दोन अभ्यासकांनी जन्मनोंदी आणि वंशावळी ताडून पाहिल्या, तेव्हा वयं फुगवून सांगितली जात होती असं निघालं. आपल्या देशातल्या वृद्धांच्या मोठ्या पाहणीत, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये घेतलेल्या ‘लासी’त, पंचेचाळीस वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण होते. एवढ्या पसाऱ्याचा पायाही वय हाच.

यावर लोकसंख्याशास्त्रात जुना उपाय आहे, तो म्हणजे स्थानिक घटनांची सनावळी. माणसाला वय विचारायचं नाही. ‘अमुक घडलं तेव्हा तुम्ही केवढे होता?’ असं विचारायचं. माझं म्हणणं एवढंच, की ही सनावळी कार्यालयात बसून करू नये. ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी करावी आणि संशोधकाने ती लिहून घ्यावी. वृद्धांची भागीदारी म्हणतात ती इथे अगदी उघड दिसते. ज्या फुटपट्टीने त्यांना मोजायचं, ती फुटपट्टी तेच तयार करतात.

परभणी जिल्ह्यात असं बसलं की दोन मोठे खांब लगेच उभे राहतात : रझाकार आणि बहात्तरचा दुष्काळ. पहिला खांब पक्का आहे : सप्टेंबर १९४८, म्हणजे पोलीस ॲक्शनने निजामाची राजवट आणि तिच्या पाठीराख्या रझाकारांचा धुमाकूळ संपला तो महिना. त्याला धरून जे प्रश्न विचारायचे, ते म्हाताऱ्यांनीच सुचवलेले उत्तम. “रझाकारात तू कडेवर होतीस, का वासरांमागं जात होतीस, का लगीन झालतं?” या एका प्रश्नात तीन वयोगट वेगळे होतात. कोणताही छापील तक्ता इतक्या झटकन हे करणार नाही.

दुसऱ्या खांबाशी मात्र जपून वागावं लागतं. ‘दुष्काळ’ एवढंच म्हटलं तर मराठवाड्यात ते साल कोणतंही असू शकतं. म्हणून जाणती माणसं खूण सांगतात : लाल मिलो ज्वारी खाल्ली तो, सुकडी वाटली तो, खडी फोडायला गेलो तो. ही खूण पटली की साल पक्कं होतं. तरी आणखी एक बारकावा उरतो. पाऊस गेला १९७२ मध्ये, पण दुष्काळी कामांवर सर्वांत जास्त माणसं होती १९७३च्या मे महिन्यात, राज्यभरात पन्नास लाखांच्या आसपास. ‘खडी फोडताना थोरला पोटात होता’ असं बाई सांगते तेव्हा मूल बहुधा त्र्याहत्तरचं असतं. बहात्तर लिहून मोकळं झालं की एक वर्ष चुकलंच. तुलनेने तरुणांसाठी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आहे. अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता किल्लारीचा भूकंप झाला, आणि तेव्हा आपण कुठे होतो हे मराठवाड्यात फारसं कुणी विसरलेलं नाही.

मग येतो निजामी कागद. हा माझ्या विशेष आवडीचा भाग आहे. नव्वदीच्या एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला शाळेचा दाखला निघतो. त्यावर उर्दूत लिहिलेलं असतं आणि तारीख असते फसली सनाची, समजा ‘खुर्दाद १३५०’. हैदराबाद संस्थानातलं फसली वर्ष ऑक्टोबरात अजूर महिन्याने सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरातली तारीख असेल तर सनात ५९० मिळवायचे, नंतरची असेल तर ५९१. खुर्दाद हा अजूरपासून मोजत गेलं की सातवा महिना, म्हणजे तो एप्रिलच्या आसपास येतो. म्हणजे हा कागद १९४१च्या उन्हाळ्याचा. आता प्रश्न असा, की हा कागद आज वाचणार कोण? गावातल्या तरुण कर्मचाऱ्याला उर्दू येतेच असं नाही. ती येते त्याच काळात शाळेत गेलेल्या दुसऱ्या आजोबांना, किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या चाचांना. त्यांना हाक मारावी. चष्मा पुसून ते कागद उजेडाकडे धरतात आणि बोटाने एकेक अक्षर लावत महिना सांगतात. त्या घडीला संशोधन त्यांच्या हातात असतं.

चाचांचं नाव निघालं म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. अठ्ठेचाळीसच्या त्या आठवणी सगळ्या घरांत सारख्या नाहीत. कुणाच्या घरावर रझाकार चालून आले, तर कुणाच्या घराने पोलीस ॲक्शननंतरचे दिवस भीतीत काढले. सनावळीत कोणती घटना घ्यायची आणि ती कशी विचारायची, हे दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांनी मिळून ठरवलं पाहिजे. कुणाची जखम उघडून मिळवलेलं वय मला नको. वीज कधी आली, पहिली एसटी कधी आली, यांवर तेच काम भागत असेल तर ते भागवावं.

बायकांची सनावळी आणखी वेगळी. पारावर बसलेले पुरुष गावातली विहीर, गावातला पूर, गावातली शाळा सांगतात. पण बाई तर लग्न होऊन आलेली. “ह्या गावच्या विहिरीचं मला काय ठावं, मी गंगेपल्याडची,” असं एखादी सांगते आणि पुरुषांनी केलेली अर्धी यादी तिच्यापुरती बाद होते. तिच्यासाठी साऱ्या तालुक्याला, साऱ्या गंगाथडीला, म्हणजे गोदावरीकाठाला, ठाऊक असलेल्या घटना लागतात. आणि तिच्या आयुष्याची स्वतःची मोजणी लागते : न्हाण आलं, लग्न झालं, सासरी नांदायला आली, थोरलं लेकरू झालं, धाकट्या भावाला खेळवलं. म्हणून बायकांची बैठक ओसरीवर, वेगळी आणि कापूस वेचणीचे दिवस टाळून घ्यावी. सत्तरीतल्या बायकाही वेचणीला जातात, हे विसरून चालत नाही.

माणसाच्या हाताला बसेल असं मोजमाप करण्याचं महाराष्ट्रातलं उत्तम उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने बाळांचा न्यूमोनिया गावातच ओळखावा म्हणून दाईंना शिकवलं. बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास-साठच्या वर गेले की धोका, पण निरक्षर दाईला तिथपर्यंत मोजता कसं येणार? तेव्हा दाईला बाजूला न सारता त्यांनी साधन बदललं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया. दाईला जेवढं येत होतं, त्याच्याच जोरावर निदान उभं राहिलं. सनावळीमागेही हाच विचार आहे. आजीला इसवी सन येत नसेल, पण खडी फोडलेला उन्हाळा पक्का येतो.

पत्रलेखकांना सांगायचं ते असं : आजीला वय विचारू नका. तिच्या वयाच्या दोघी-तिघींना एकत्र बसवा. रझाकार, लग्न, थोरला मुलगा, मिलो या क्रमाने विचारा आणि एकीची आठवण दुसरीकडून तपासून घ्या. उत्तर एका आकड्यात येणार नाही, ‘चौऱ्याऐंशी ते सत्त्याऐंशी’ असं येईल. तसंच लिहा. खोट्या नेमकेपणापेक्षा खरा पल्ला संशोधनाच्या जास्त कामाचा असतो.

आणि तयार झालेली सनावळी संशोधकाच्या बॅगेत जाऊ देऊ नका. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक आरोग्य उपकेंद्रात ठेवा. ती करणाऱ्यांची संमती असेल तर त्यांची नावंही खाली लिहा. आशाताईला ती रोज लागेल. परभणी, पालम, पूर्णा, सोनपेठ भागातल्या वाचकांनी आपापल्या गावातल्या अशा घटना ज्येष्ठांना विचारून मला कळवाव्यात, साल पक्कं नसलं तरी चालेल. ते ताडून पाहण्याचं काम आपण इथे मिळून करू.