जुनी डिझेल गाडी घेताय? आधी इंजिन समजून घ्या

लग्नसराई जवळ आली की आपल्या घराघरांत जुन्या डिझेल गाडीची चौकशी सुरू होते. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो. बाहेरून गाड्या वेगळ्या, पण यांच्या अनेक डिझेल मॉडेलांत इंजिन एकच, फियटचे १.३ मल्टिजेट. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही ते तयार झाले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल बंद केले. म्हणून स्विफ्ट-डिझायरमध्ये हे इंजिन आता जुन्या गाडीतच मिळते.

इंजिन १२४८ सीसीचे, चार सिलिंडरचे. स्विफ्टमध्ये ताकद ७५ पीएस आणि टॉर्क १९० एनएम. एर्टिगासारख्या गाडीत ९० पीएस. धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. म्हणूनच इंजिन लहान असूनही घाट चढते.

आता दुखणी पाहू.

पहिले, टायमिंग चेन. ऑईल बदलायला उशीर झाला की चेन सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू आली तर सावध व्हा. चेन सरकली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.

दुसरे, ईजीआर व्हॉल्व्ह. गाडी फक्त गल्लीबोळात फिरली तर त्यात काजळी साचते. मग पिकअप कमी होतो, काळा धूर येतो.

तिसरे, टर्बो. तो ऑईलवरच जगतो. हायवेवरून आल्यावर लगेच चावी बंद करू नका, अर्धा-एक मिनिट इंजिन चालू ठेवा.

चौथे, डिझेल फिल्टर. त्यात साचलेले पाणी वेळेवर काढले नाही तर महागडे इंजेक्टर खराब होतात.

आमच्याच नात्यात एकाने जुनी डिझेल गाडी घेतली आणि "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत ऑईल लांबवले. शेवटी चेन गेली, हेड उघडावे लागले. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी ठेवलेले पैसे गॅरेजमध्ये गेले.

म्हणून आम्ही एवढेच सांगतो: सौदा करताना रंग आणि सीटकव्हर पाहू नका. सर्व्हिसची वही मागा. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, आपल्यासमोर सुरू करायला लावा. सोबत ओळखीचा मिस्त्री न्या. त्याला दिलेले चार पैसे पुढचे हजारो वाचवतील.