तबकडीतलं गाणं फाइलमध्ये आणताना: स्वस्त टर्नटेबलविषयीचे सात गैरसमज

जुन्या रेकॉर्ड्स टाकवतही नाहीत आणि वाजवताही येत नाहीत, अशी अनेक मराठी घरांची अवस्था आहे. नाट्यपदांच्या लाखेच्या तबकड्या, भावगीतांच्या ईपी आणि मैफलींचे एलपी एकाच पेटीत पडलेले असतात. हे सगळं एकदाचं संगणकावर घ्यावं म्हणून माणूस टर्नटेबल शोधायला निघतो आणि उलटसुलट सल्ल्यांत अडकतो.

ऐकण्यासाठी टर्नटेबल घेणारा तीच तबकडी उद्या पुन्हा लावणार असतो. फाइल करणारा मात्र बहुधा ती एकदाच लावतो. त्या एका वेळी जे दोष शिरतात, त्यांतले काही नंतर दुरुस्त होतात, काही कधीच होत नाहीत. आवाजाची पातळी कमी राहिली, वेग एकसारखा पण थोडा चुकीचा होता, मधूनच टकटक ऐकू आली, तर संगणकावर हे बऱ्यापैकी सावरता येतं. सुई खोबणीत नीट न बसल्याने फाटलेला आवाज, फिरण्यातल्या अस्थिरतेमुळे डळमळलेला सूर किंवा पातळी ओलांडल्याने छाटली गेलेली तान पूर्ववत होत नाही. खिसा मर्यादित असेल तर पैसे या दुसऱ्या यादीवर घालवावेत. पुढचे सगळे समज याच कसोटीवर तपासले आहेत.

गैरसमज १: फाइल करायची तर यूएसबीवालंच टर्नटेबल हवं.

वस्तुस्थिती: यूएसबीचं भोक असणं म्हणजे आवाजाचे आकडे करणारी एक छोटी चिप यंत्रातच बसवलेली असणं, एवढंच. त्यावरून सुई किंवा ती पेलणारा दांडा, म्हणजे टोनआर्म, चांगला आहे की नाही, हे कळत नाही. हेच काम वेगळ्या ऑडिओ इंटरफेसनेही होतं. बेहरिंगरच्या यूएफओ २०२ सारख्या छोट्या डबीत तर फोनो प्रीअँपही (त्याविषयी पुढे) आत असतो, त्यामुळे घरात आधीच असलेलं साधं टर्नटेबलही लॅपटॉपला जोडता येतं.

यूएसबीची सोय मोठी आहे, ती मिळाली तर नाकारू नये. पण सारख्याच किमतीत एका यंत्रात यूएसबी आणि दुसऱ्यात बदलता येण्याजोगी चांगली सुई असेल, तर दुसरं घ्यावं. यूएसबी नंतर जोडता येते, टोनआर्म नंतर बदलता येत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. बऱ्याच लॅपटॉपवर हेडफोन आणि माइकसाठी एकच भोक असतं आणि ते आत एकाच वाहिनीचा माइक घेतं. टर्नटेबलची वायर त्यात खुपसून स्टिरिओ रेकॉर्डिंग होत नाही.

गैरसमज २: आवाज अगदी बारीक आणि चिरका येतो, म्हणजे यंत्र खराब आहे.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा प्रीअँप राहून गेलेला असतो. सुई ज्यात बसते त्या चुंबकीय कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो, तर अँप्लिफायरच्या नेहमीच्या लाइन इनपुटला शेकडो मिलिव्होल्ट लागतात. शिवाय तबकडी कापतानाच खर्ज मुद्दाम कमी आणि तार मुद्दाम जास्त केलेला असतो. खर्जाच्या रुंद लहरींमुळे जागा वाया जाऊ नये आणि वरच्या स्वरांवर पृष्ठभागाची खरखर मात करू नये, यासाठी ही युक्ती. १९५४ मध्ये आरआयएए या अमेरिकी संस्थेने या फेरफाराचं एक प्रमाण ठरवलं. २० हर्ट्झला आणि २० हजार हर्ट्झला हा फरक सुमारे २० डेसिबलचा असतो. फोनो प्रीअँप सिग्नल वाढवतो आणि हा फेरफार उलटवतो.

आजच्या बऱ्याच स्वस्त यंत्रांत प्रीअँप आतच असतो आणि मागे 'फोनो' आणि 'लाइन' असं बटण असतं. थेट इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडायचं असेल तर बटण 'लाइन'वर हवं. 'लाइन'वर ठेवून पुन्हा बाहेरचा प्रीअँप लावला, तर आवाज घुमतो आणि फाटतो.

गैरसमज ३: यंत्रावर ७८ चा वेग आहे, म्हणजे त्यावर जुन्या तबकड्या वाजतील.

वस्तुस्थिती: फिरतील, पण नीट वाजणार नाहीत. मराठी घरांसाठी हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, कारण भारतात लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. पाश्चात्त्य परीक्षणं एलपी गृहीत धरून लिहिलेली असतात, आपल्या पेट्या मात्र मिश्र असतात.

१९४८ मध्ये कोलंबियाने अमेरिकेत एलपी आणली तेव्हा खोबणी अतिशय बारीक झाली. एलपीच्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण १५ ते १८ मायक्रॉन असते, ७८ साठी लागणारी सुई साधारण ७५ मायक्रॉनची. बारीक सुई रुंद खोबणीच्या भिंतींना टेकण्याऐवजी तळाशी जाते, आणि तळाशी धूळ व झिजलेल्या लाखेचा भुगा असतो. गाणं भिंतींवर कोरलेलं, सुई मात्र गाळात, असा प्रकार होतो. असं केलेलं रेकॉर्डिंग नंतर कितीही धुतलं तरी त्यात नसलेला स्वर येत नाही.

म्हणून पेटीत लाखेच्या तबकड्या असतील, तर पहिला प्रश्न वेगाचा नसून 'या कार्ट्रिजला ७८ ची सुई मिळते का?' हा आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्स-यूएसबी या टर्नटेबलवर तिन्ही वेग आहेत आणि त्याच्या व्हीएम९५ जातीच्या कार्ट्रिजवर नेहमीची सुई ओढून काढून ७८ ची सुई बसवता येते. त्याच कंपनीचं स्वस्त एटी-एलपी६०एक्स फक्त ३३ आणि ४५ वर चालतं. केवळ एलपी-ईपी असतील तर ते पुरेसं आहे.

योग्य सुई असेल आणि वेगच नसेल, तर ७८ ची तबकडी ४५ वर वाजवून ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग सुमारे १.७३ पट करता येतो. वाकलेल्या तबकड्यांवर सुई अशा वेळी उलट कमी उडते. मात्र प्रीअँपमधली आरआयएएची दुरुस्ती त्यामुळे चुकीच्या स्वरांवर पडते. तशीही १९५४ पूर्वीच्या तबकड्यांना ती जशीच्या तशी लागू नसते, वेगवेगळ्या कंपन्यांचं प्रमाण वेगवेगळं होतं. तेव्हा खर्ज आणि तार शेवटी कानाने जुळवावे लागतात. या तबकड्या मोनो असतात. रेकॉर्डिंग दोन्ही वाहिन्यांवर घ्यावं आणि मग त्या एकत्र कराव्यात, सुई वर-खाली झाल्याने येणारी खरखर त्यात बरीच कमी होते.

गैरसमज ४: सूटकेसवाला प्लेअर एकदा वाजवला की रेकॉर्ड संपली. (किंवा याच्या उलट: तोही चालतो, सगळं सारखंच.)

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चुकीची. एकदा वाजवल्याने तबकडी नष्ट होत नाही. पण या प्लेअरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि सुईचा भार अनेकदा ५-६ ग्रॅमच्या आसपास. साध्या चुंबकीय कार्ट्रिजला दीड ते तीन ग्रॅम पुरतात. जड आणि ताठ सुई जोरकस जागी, विशेषतः तबकडीच्या आतल्या भागात, खोबणीबरोबर वळू शकत नाही आणि आवाज फाटतो. हा दुरुस्त न होणाऱ्या यादीतला दोष आहे. छोटा प्लॅटर, म्हणजे तबकडी ठेवायची चकती, आणि हलकी मोटर यांमुळे सूरही हलतो. तंबोऱ्याच्या अखंड स्वरावर तो लगेच पकडला जातो.

गैरसमज ५: बेल्ट ड्राइव्हच घ्या, डायरेक्ट ड्राइव्ह डीजे लोकांचं.

वस्तुस्थिती: टेक्निक्सने १९७० मध्ये आणलेलं पहिलं डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय, मोटरने थेट प्लॅटर फिरवणारं), एसपी-१०, हे व्यावसायिक आणि गंभीर श्रोत्यांसाठीच होतं. स्वस्त गटात दोन्ही प्रकार चांगलेही असतात आणि वाईटही. बघायचं ते एवढंच, की हार्मोनियमचा लांब स्वर सरळ ऐकू येतो का. बेल्ट सैल होतो पण बदलता येतो, एवढा हिशेब पुरे.

गैरसमज ६: जुनं यंत्र ते सोनं; चोरबाजारातलं किंवा अमेरिकेतल्या नातलगाकडचं आणलं की झालं.

वस्तुस्थिती: जुन्यात उत्तम यंत्रं आहेत, पण तीन गोष्टी आधी तपासाव्यात. पहिली, त्या कार्ट्रिजची सुई आज मिळते का, किंवा टोनआर्मवर नवं कार्ट्रिज बसतं का. एचएमव्ही फिएस्टासारख्या रेकॉर्ड प्लेअरशी घराच्या आठवणी निगडित असतात, पण फाइल करण्यासाठी ती यंत्रं योग्य नव्हेत. दुसरी, मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात घेताना सोबत एक तबकडी न्यावी आणि वाजवून पाहावी, नुसता प्लॅटर फिरताना पाहून समाधान मानू नये.

तिसरी, वीज. जुन्या अमेरिकी यंत्रांतली सिंक्रोनस मोटर ६० हर्ट्झच्या विजेवर ठरलेल्या वेगाने फिरते, आपली वीज ५० हर्ट्झची. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत, आणि ३३ फेऱ्यांची तबकडी सुमारे २८ फेऱ्यांनी फिरते. स्थिर चूक असल्याने ती संगणकावर १.२ पट करून सुधारता येते, पण ऐकण्यासाठी यंत्र निरुपयोगी. अॅडॅप्टरवरच्या डीसी मोटरच्या यंत्रांना ही अडचण नाही.

गैरसमज ७: २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झशिवाय अर्थ नाही, खरखर काय, सॉफ्टवेअर काढतं.

वस्तुस्थिती: १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो, चांगल्या एलपीचा ६०-७० डेसिबलच्या आसपास असतो. सीडीच्या दर्जाची, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, २४/९६ ची त्याच्या तिपटीहून जास्त. २४ बिटचा खरा फायदा एवढाच, की पातळी थोडी खाली ठेवून रेकॉर्डिंग करता येतं आणि तान छाटली जाण्याचा धोका टळतो. सर्वांत मोठा आवाज शून्याच्या सहा डेसिबल खाली राहील असं पाहिलं, तर १६ बिटही पुरतात. जपून ठेवायची प्रत एमपी३ मध्ये ठेवू नये, फ्लॅकमध्ये काहीही न गमावता जागा वाचते.

खरखरीचं म्हणाल तर सॉफ्टवेअर सुटी टकटक चांगली काढतं, पण सततच्या धुळीची सळसळ काढताना सोबत तंबोऱ्याचा झंकारही खातं. आधी तबकडी पुसावी. व्हिनाइलवर चालणारं अल्कोहोलचं द्रावण लाखेच्या तबकडीला कधीही लावू नये, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

निवड यंत्रांच्या यादीतून न करता पेटीतून करावी. तबकड्यांचे तीन ढीग करा: ७८, एलपी आणि ईपी. पहिला ढीग रिकामा असेल तर साधं, प्रीअँप आत असलेलं बेल्ट ड्राइव्ह आणि एक नवी सुई पुरे. तो मोठा असेल तर तीन वेग, भार कमी-जास्त करता येणारा टोनआर्म आणि ७८ ची वेगळी सुई, यांवर पैसे टाका. पाच-दहाच तबकड्या असतील तर यंत्र घेऊच नका, योग्य सुई असलेल्या संग्राहकाकडून त्या फाइल करून घ्या. आणि कुठलंही यंत्र असो, कच्चं रेकॉर्डिंग स्वच्छ केलेल्या प्रतीहून वेगळं जपून ठेवा. सफाईची साधनं सुधारत राहतील आणि तेव्हा काम त्या कच्च्या फाइलपासूनच सुरू करावं लागेल.