देवडीवरचा पहारेकरी

दम्याच्या उबळीने कासावीस झालेला रोगी साल्ब्युटामॉलचा फवारा घेतो आणि काही मिनिटांतच त्याच्या श्वासनलिकांभोवती आवळलेले स्नायू सैल पडू लागतात. परंतु त्याच रोग्याला हृदयाच्या तक्रारीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिले गेले, तर तेच स्नायू अधिक आवळण्याचे भय असते. नवलाची गोष्ट ही, की ही दोन्ही औषधे एकाच प्रथिनाच्या एकाच खोबणीत जाऊन बसतात. बीटा-2 ॲड्रेनर्जिक रिसेप्टर हे त्या प्रथिनाचे दप्तरी नाव. 413 अमिनो आम्लांचा हा धागा पेशीच्या पटलातून सात वेळा आरपार जातो आणि बाहेर आलेल्या ॲड्रेनॅलिनची वर्दी, देवडीवरच्या पहारेकऱ्याप्रमाणे, आतल्या जी-प्रथिनाला देतो. मग एका औषधाने ही वर्दी जावी आणि दुसऱ्याने ती अडावी, हे कसे?

विकरांचे कार्य समजावताना एमिल फिशर यांनी 1894 साली योजलेली कुलूप-किल्लीची उपमा रिसेप्टरांनाही सर्रास लावली जाते. मला ती येथे तोकडी वाटते, कारण कुलूप आपण होऊन हलत नाही आणि हा पहारेकरी तर क्षणभरही स्वस्थ नसतो. 2007 साली ब्रायन कोबिल्का आणि रेमंड स्टीव्हन्स यांच्या गटांनी स्फटिकाच्या साहाय्याने त्याची सुस्पष्ट आकृती मिळवली, ती निष्क्रिय अवस्थेतली. 2011 साली जी-प्रथिनासह मिळालेल्या आकृतीत पटलातून आरपार जाणाऱ्या सात मळसूत्रांपैकी सहाव्याचे आतले टोक सुमारे 14 अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेले आढळले. या दोन मुक्कामांमधला प्रवास पाहायचा, तर गणकयंत्राला शरण जाणे प्राप्त होते.

ही गणनेची रीत म्हणजे निव्वळ कारकुनी आहे, पण कोणत्याही कचेरीला न झेपणारी: प्रत्येक अणूवर भोवतालच्या अणूंचा ओढा किती याचा जमाखर्च मांडायचा, त्याला तिळभर सरकवायचे आणि पुन्हा सारा जमाखर्च नव्याने मांडायचा. एक पायरी साधारण 2 फेम्टोसेकंदांची, आणि फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा अब्जांश; तेव्हा एका मायक्रोसेकंदासाठी 50 कोटी पायऱ्या चढाव्या लागतात. मार्टिन कार्प्लस यांच्या गटाने 1977 मध्ये एका चिमुकल्या प्रथिनाचा असा हिशेब जेमतेम 9 पिकोसेकंदांपर्यंत नेला होता. न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्चने याच कामासाठी 'अँटन' हे यंत्र घडवले, आणि 2011 साली रॉन ड्रोर व सहकाऱ्यांना त्यावर असे दिसले, की खोबणीत उत्तेजक औषध बसलेले असूनही, आतून आधार देणारे प्रथिन काढून घेताच सक्रिय रिसेप्टर आपोआप निष्क्रिय अवस्थेकडे परततो. औषध पहारेकऱ्याला हुकूम करीत नाही, पारड्यात वजन तेवढे टाकते.

2020 साली आल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने केवळ अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनांच्या आकृत्या थक्क करणाऱ्या अचूकतेने वर्तवल्या आणि 2024 साली त्या कामासाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर नोबेलचे मानकरी ठरले. तो गौरव यथायोग्यच होता. परंतु साल्ब्युटामॉल ॲड्रेनॅलिनपेक्षा हलके वजन टाकते, ते नेमके किती हलके, हे त्या स्थिर आकृतीत लिहिलेले नसते. तेवढ्यासाठी अद्याप 2-2 फेम्टोसेकंदांचा तोच जमाखर्च उघडून बसावे लागते.