परमवीर राणे आणि शौर्यपदकांविषयीचे काही समज

जोयडा तालुक्यातील दिग्गी या गोव्याच्या सीमेवरील अरण्यवेष्टित गावाच्या परिसरात उगम पावणारी काळी नदी सह्याद्रीचे कडे उतरून ज्या कारवारपाशी समुद्रास मिळते, त्याच कारवारजवळचे चेंडिया हे परमवीर चक्राचे मानकरी रामा राघोबा राणे यांचे मूळ गाव होय. आणि म्हणूनच या मुलखात शौर्यपदकांचा विषय निघाला की राण्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. अभिमान यथार्थ आहे. परंतु त्याच्या आश्रयाने काही समजुती अशा रूढ झाल्या आहेत की, त्यांची शहानिशा सरकारी दप्तराच्या आधारे करणे इष्ट ठरते.

राणे पायदळाचे अधिकारी होते, मराठा पलटणीत होते आणि त्यांनी शत्रूची मोठी कत्तल केली, हे त्यांपैकी सर्वांत प्रचलित कथन. वास्तविक ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचे. १९४० साली ते साध्या शिपायाच्या पायरीवर भरती झाले, ब्रह्मदेशातील आराकानच्या आघाडीवर लढले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. 'मेजर' ही पदवी, जी आज त्यांच्या नावास चिकटलेली दिसते, ती पुढची. काश्मीरच्या संग्रामात, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेऱ्याहून राजौरीकडे निघालेल्या सैन्याची वाट शत्रूने सुरुंग पेरून, झाडे आडवी पाडून आणि मोऱ्या उडवून बंद केली होती. पायदळाने टेकड्या जिंकल्या तरी रणगाड्यांस रस्ता मिळाल्यावाचून ती सेना पुढे सरकणे शक्य नव्हते, आणि तो रस्ता मोकळा करणे हे राण्यांच्या तुकडीचे काम होते. ८ एप्रिलला कामास आरंभ होण्यापूर्वीच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांचे दोन जवान ठार व स्वतः राण्यांसह पाच जण जखमी झाले. तरीही जखम अंगावर बाळगीत त्यांनी त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत, आणि पुढील तीन दिवस, गोळीबाराच्या छायेत सुरुंग काढणे, अडथळे उडवणे आणि वळणरस्ते तयार करणे असा अथक उद्योग चालविला. ११ एप्रिलला वाट चिंगसपर्यंत खुली झाली, आणि दुसऱ्याच दिवशी राजौरी हाती आली. पदक मिळाले ते या कामाबद्दल. त्यात वधाची संख्या मोजण्याचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या मते राण्यांच्या पराक्रमाचे खरे वैशिष्ट्य हेच आहे.

परमवीर चक्र मरणोत्तरच मिळते, हा दुसरा समज. तो इतका दृढ आहे की जिवंत मानकऱ्याचे नाव ऐकून लोक चकित होतात. आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांस ते मरणोत्तर लाभले, म्हणजे सात जण ते स्वतः स्वीकारावयास हयात होते, आणि राणे त्यांतले पहिले. ते १९९४ साली पुण्यात वारले. १९६२च्या युद्धातील मेजर धनसिंग थापा यांचे पदक तर प्रथम मरणोत्तर म्हणून जाहीर झाले आणि नंतर ते शत्रूच्या कैदेत जिवंत असल्याचे निष्पन्न झाले.

याहून विचित्र वाटेल अशी वस्तुस्थिती ही की, राण्यांनी ज्या वेळी हा पराक्रम केला त्या वेळी परमवीर चक्र अस्तित्वातच नव्हते. ते २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले. मात्र फर्मानात त्याचा अंमल १५ ऑगस्ट १९४७ पासून गृहीत धरला गेल्यामुळे काश्मीरच्या संग्रामातील वीरांस ते पूर्वलक्षी प्रभावाने देता आले.

पदकांत अधिकारी आणि शिपाई असा भेद असतो, ही समजूत मात्र सर्वस्वी निराधार नाही. ती जुन्या ब्रिटिश साम्राज्याच्या रिवाजातून आली आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेला मिलिटरी क्रॉस हा कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी होता, आणि १९१६ मधील मिलिटरी मेडल इतर श्रेणींसाठी. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर कॅनडाच्या पायदळातील लेफ्टनंटास एका कृत्यासाठी क्रॉस मिळे, तर त्याच्या शेजारच्या शिपायास तशाच कृत्याबद्दल मेडल. व्हिक्टोरिया क्रॉसला ही उतरंड लागू नव्हती. त्याच इटलीत जुलै १९४४ मध्ये धारातीर्थी पडलेले त्या क्रॉसचे मानकरी, पाचव्या मराठा पलटणीचे यशवंत घाडगे, केवळ नाईक होते. (हिंदी शिपायांस मात्र तो क्रॉस १९११ पर्यंत बंद होता, हे विसरून चालणार नाही.) स्वतंत्र भारताने परमवीर, महावीर व वीर चक्रांत श्रेणीभेद ठेवलाच नाही.

राहता राहिला पदकाच्या रूपाविषयीचा प्रवाद. ते सोन्याचे नसून ब्राँझचे आहे. मध्यभागी राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार आकृती आणि वर जांभळी फीत. रेखाटन सावित्रीबाई खानोलकर यांचे, आणि आडनावावरून त्या जन्माने मराठी असाव्यात असे पुष्कळांना वाटते. पण त्या मूळच्या स्वित्झर्लंडमधील न्यूशातेलच्या, विक्रम खानोलकर या लष्करी अधिकाऱ्याशी विवाह करून इकडे आलेल्या. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या थोरल्या कन्येचे दीर, यावरून कुजबुज करणारेही भेटतात. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की शर्मा बडगामच्या रणात ३ नोव्हेंबर १९४७ रोजी पडले, त्या वेळी या पदकाची स्थापना दोन वर्षांहून अधिक दूर होती.