मातींतील औषधशाळा



घसा सुजला किंवा छातींत कफ दाटला, कीं डॉक्टर पुष्कळदां ज्या गोळ्या लिहून देतात, त्यांतील एका मोठ्या कुळाचा उगम फिलिपाइन्स बेटांतील मूठभर मातींत आहे. १९४९ सालीं अबेलार्दो आग्विलार ह्या डॉक्टरांनीं इलोइलो येथील मातीचे नमुने अमेरिकेंतील एलाय लिली कंपनीकडे धाडले. त्या मातींतील एका जंतूनें निर्माण केलेल्या द्रव्यास एरिथ्रोमायसिन हें नांव मिळालें, व १९५२ सालीं तें औषध म्हणून बाजारांत आलें.

जंतु म्हणजे रोगाचें बीज, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु मातींतील हे जंतु बुरशीसारखे तंतु पसरून वाळलेलीं पानें व मेलेलीं मुळें कुजविण्याचें काम करतात. पहिल्या पावसानंतर दरवळणारा मृद्गंध पुष्कळसा त्यांच्याच एका द्रव्याचा असतो. अन्न संपत आलें, कीं ते बीजुकें धरूं लागतात, आणि त्याच सुमारास शेजाऱ्यांस मारक अशीं द्रव्येंहि स्रवूं लागतात. १९४३ सालीं रटगर्स येथें सांपडलेलें स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील औषध ह्याच वर्गाची देणगी होय. पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्यें शोधलेलें हॅमायसिन हें बुरशीनाशकहि अशाच जंतूपासून मिळालें.

आतां हीं द्रव्यें घडतात कशीं? एरिथ्रोमायसिनचेंच उदाहरण घेऊं. सहा माळी रांगेनें बसले आहेत अशी कल्पना करा. पहिल्याच्या हातीं आरंभाचें एक फूल दिलें जातें. प्रत्येक माळी त्यापुढें आपलें एकेक फूल गुंफतो, जरूर तर त्याची एखादी पाकळी खुडतो, आणि माळ पुढच्याकडे सरकवितो. सहाव्यानंतर टोक जुळवून गांठ मारली जाते. जंतूच्या पेशींतील हे माळी म्हणजे तीन प्रचंड प्रथिनांचे सहा विभाग. फुलें म्हणजे कार्बनयुक्त लहान तुकडे. अशा रीतीनें चौदा अणूंचें कडें तयार झालें, कीं त्यावर दोन शर्करा बसविल्या जातात, तेव्हांच त्यास जंतुनाशक सामर्थ्य येतें. १९९० च्या सुमारास केंब्रिज येथील पीटर लेडले व अमेरिकेंतील लेनर्ड कॅट्झ यांच्या गटांनीं ह्या प्रथिनांचीं जनुकें उलगडलीं. माळ्यांचा क्रम जनुकांत जणूं लिहूनच ठेवलेला आढळला.

क्रम समजला, म्हणजे तो बदलण्याची इच्छा होणें स्वाभाविकच. १९८५ सालींच इंग्लंडांतील डेव्हिड हॉपवुड यांनीं एका जंतूचीं जनुकें दुसऱ्यांत घालून पहिलें संकरित प्रतिजैविक मिळविलें होतें. पुढें १९९९ सालीं अमेरिकन संशोधकांनीं एरिथ्रोमायसिनच्या यंत्रणेंतील माळी अदलून बदलून पन्नासांहून अधिक नवीं कडीं तयार केलीं. मात्र एकानें गुंफलेलें अनोळखी फूल पुढचा माळी सहजासहजीं स्वीकारीत नाहीं. त्यामुळें नव्या द्रव्याचें उत्पादन पुष्कळदां अगदीं अल्प येतें. दुसरा मार्ग रसायनशास्त्रज्ञांचा. जंतूनें घडविलेल्या द्रव्यावरच प्रयोगशाळेंत हात फिरवून झाग्रेब येथील संशोधकांनीं १९८० सालीं ॲझिथ्रोमायसिन निर्माण केलें. मूळ औषध जठरांतील आम्लानें बिघडे; हें बरेंच टिकतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. एरिथ्रोमायसिन रोगजंतूच्या प्रथिनें घडविणाऱ्या यंत्रांत अडकून तें बंद पाडतें. परंतु रोगजंतु त्या यंत्राच्या नेमक्या त्याच जागीं एक बारीकसा रासायनिक तुकडा चिकटवितात, आणि औषधास तेथें थाराच मिळत नाहीं. नवल असें, कीं एरिथ्रोमायसिन करणारा जंतु स्वतःच्या विषापासून स्वतःस ह्याच युक्तीनें वांचवितो! म्हणजे शस्त्र व ढाल दोन्ही मातींत आधींपासूनच आहेत. आपण औषधाचा जितका अधिक वापर करावा, तितकी ढालधारी जंतूंची निवड होऊन त्यांची संख्या वाढत जाते.

म्हणून नव्या शस्त्रांचा शोध चालू ठेवणें हें शास्त्रज्ञांचें काम, तर हातीं असलेलीं बोथट न होऊं देणें हें आपलें. साध्या सर्दीपडशाचें मूळ विषाणूंत असतें. त्यावर हीं औषधें चालत नाहींत. घरच्या कपाटांत उरलेली गोळी डॉक्टरांस न विचारतां मुलास देण्यापूर्वीं गृहिणींनीं व गृहस्थांनीं एवढें अवश्य ध्यानांत घ्यावें.